पोरांनी लावलेलं लग्न

मार्गशीर्ष लागला की आमच्या जळगावच्या पिंप्राळ्यात दिवस कलताना कुठल्या ना कुठल्या मोकळ्या प्लॉटवरून धूर निघतो आणि तो बघून कोणी घाबरत नाही. कपाशीच्या वाळक्या काड्यांचा धूर असतो तो. त्या जाळात हिरवट पांढरी, पंजात न मावणारी वांगी भाजत असतात आणि रस्त्याने जाणारा माणूस स्कूटर हळू करून आज कोणाकडे भरीत आहे याचा अंदाज घेतो. मी मूळची धुळ्याची. भरीत धुळ्यातही होतं, पण जळगावकरांना ते मान्य नाही. लग्न होऊन इथे आल्यावर हा वाद मी पहिल्याच थंडीत सोडून दिला. बाकीचे वाद मी सहसा सोडत नाही, हे आता आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे.

परवाच्या रविवारी आमच्याच गच्चीवर भरीत होतं. गार्गी पुण्याहून सुट्टीला आलेली. सोहमची अकरावीची परीक्षा तोंडावर, म्हणून तो गच्चीवर जरा जास्तच रमलेला. दोघं काळी पडलेली सालं काढत होती, बोटं पोळवून घेत होती आणि मिरच्या किती घालायच्या यावरून भांडत होती. शेजारी नव्याने राहायला आलेल्या बाई वास घेत वर आल्या. जरा वेळ त्यांचं भांडण ऐकून त्यांनी विचारलं, ही दोघं सख्खी का? सोहम म्हणाला, हो. गार्गी म्हणाली, नाही. दोघांचं उत्तर एकाच क्षणी आलं. मग एकमेकांकडे बघून ती दोघं हसत सुटली आणि बाई बिचाऱ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी त्यांना सांगितलं की दोघंही खरं बोलतायत, तुम्ही आधी भाकरी घ्या.

बाईंना मी पुढचं सांगितलं नाही. भरीत गार होत होतं. पण पानावर बसल्यावर माझ्या मनात सात वर्षांपूर्वीची ती थंडी अशी काही येऊन बसली की गार्गीने मला दोनदा विचारलं, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी वाढू का म्हणून. त्या थंडीत माझं दुसरं लग्न झालं. लग्नाची हकिगत लोक सांगतात तशी मला सांगता येत नाही, कारण दागिने, साड्या, मानपान यांतलं माझ्या फारसं लक्षात नाही. लक्षात आहेत ती ही दोन पोरं. आणि त्यांची आठवण आली की मला अभिमान वाटतो, तो लपवायचा कशाला?

तेव्हा मी धुळ्याला एका शाळेत विज्ञान शिकवत होते. सोहम नऊ वर्षांचा होता. माझं पहिलं लग्न सहा वर्षं चाललं आणि मोडलं. कोणाची चूक किती, याचा हिशेब आम्ही दोघांनी केव्हाच सोडून दिला आहे. सोहमचे पप्पा नाशिकला असतात, चांगले वडील आहेत, तेव्हाही होते. मी मात्र माहेरी आबांकडे परत आले होते. आबा म्हणजे माझे वडील. आई नव्हती. आम्हा तिघांचं एक घर होतं, ज्यात आबा दूध आणायचे, मी भाजी आणायचे आणि सोहम शाळेतून तक्रारी आणायचा.

प्रवीण जळगावचे. ठिबकच्या नळ्यांचं दुकान, पिंप्राळ्यात घर, एक मुलगी. बायको आजारपणात गेली तेव्हा गार्गी नऊ वर्षांची होती. आमचं पाहण्याचं ठरलं तेव्हा ती तेरा वर्षांची होती आणि तिची वेणी तीच घालत असे. हे मला प्रवीणनी पहिल्याच भेटीत सांगितलं. आपल्याला वेणी घालता येत नाही हेही सांगितलं, आणि त्या कबुलीने ते मला आवडले.

धुळे आणि जळगाव यांच्या मध्ये एरंडोल पडतं. म्हणून पोरांची पहिली भेट आम्ही तिथून जवळच्या पद्मालयाच्या गणपतीला ठरवली. देवदर्शन होईल आणि पोरांना तळं बघायला मिळेल, असा आम्हा मोठ्यांचा धूर्त बेत होता. तळ्यात कमळं होती, माकडं होती, कोवळं ऊन होतं. दोन्ही पोरांनी कमळांकडे बघितलं नाही. गार्गी तिच्या वडिलांच्या उजव्या हाताला चिकटून चालत होती आणि सोहम माझ्या पदराला. पद्मालयाच्या गाभाऱ्यात गणपतीच्या दोन मूर्ती आहेत. सोहमने मला विचारलं की आधी कोणाच्या पाया पडायचं. तेवढ्यात त्या मुलीने त्याच्याकडे न बघताच सांगितलं, कोणाच्याही पड, ते भांडत नाहीत. त्या दिवशी ती एवढंच बोलली. परतीच्या बसमध्ये सोहमने मला सांगितलं की ती मुलगी हुशार आहे पण रागीट आहे. माझंही मत तेच झालं होतं, फक्त रागीट माणसं मला आधीपासूनच आवडतात.

मग दोन महिने नुसत्या फेऱ्या. शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटली की मी आणि सोहम बस पकडायचो. पारोळा, एरंडोल, मग जळगाव. कापसाच्या गाड्या रस्त्याने चालल्या असायच्या आणि दोन्ही बाजूंच्या बाभळींच्या काट्यांना कापूस अडकलेला असायचा. मैलोन्‌मैल पांढरे पुंजके. सोहम खिडकीला नाक लावून ते मोजायचा, झोप लागेपर्यंत. आजही तो रस्ता थंडीत तसाच दिसतो. आता त्या रस्त्याने जाताना मीही ते पुंजके मोजते, तेव्हा मात्र ते सुचत नव्हतं. दोन घरं जोडायची म्हणजे काय करायचं असतं, हे कोणत्याच पुस्तकात नव्हतं आणि मला तर पुस्तकातलंच येत होतं.

प्रवीणच्या आईला सगळे अक्का म्हणतात. एरंडोलजवळच्या खेड्यातलं माणूस, बोलणं अहिराणी आणि शब्द तोलूनमापून. अक्कांचा लग्नाला विरोध नव्हता. त्यांचं म्हणणं एवढंच की दोघांचंही दुसरं आहे, तर पाट लावून मोकळं व्हावं. घरातल्या घरात, पाच माणसांत, मंगलाष्टकांशिवाय. आणि त्या दिवशी पोरांना कुठेतरी पाहुणे म्हणून पाठवावं.

"पोरसनी मायबापनं लगीन देखू नही, व माय," अक्का म्हणाल्या. "अशी रीत नही शे आपली."

मला राग आला. अक्कांचा नाही, त्या रीतीचा. बाईचं दुसरं लग्न म्हणजे जणू काही चोरीचा माल, दार लावून आत घ्यायचा. आणि पोरं दुसऱ्या दिवशी परत येतात तर घरात एक नवीन माणूस, त्याला काय म्हणायचं ते मोठ्यांनी सांगायचं. मी अक्कांना सांगितलं की लग्न भर दुपारी होईल, मांडव पडेल, अष्टकं होतील, आणि पोरं पहिल्या रांगेत असतील. आवाज जरा चढलाच माझा. आबा माझ्या शेजारी बसले होते. ते फक्त म्हणाले की मांडवाचं मी बघतो. माझ्या वडिलांनी आयुष्यात माझी बाजू घेताना कधी लांब भाषण केलं नाही. अक्का चहा टाकायला उठल्या. त्याचा अर्थ होकार असतो, हे मला प्रवीणनी बाहेर आल्यावर सांगितलं.

हा विजय माझ्या डोक्यात गेला. आता पोरांना लग्नात सामील करून घ्यायचं, आणि असं करायचं की सगळ्या खानदेशाने बघावं. मी मास्तरीण. मी यादी केली. स्नेहसंमेलनाला करतो तशी. गार्गी करवली, म्हणजे माझ्या पाठीमागे हातात कलश घेऊन उभी राहणार. सोहम अक्षता वाटणार. दोघांचे कपडे एकाच कापडातून. ती यादी मी गार्गीला वाचून दाखवली आणि प्रत्येक कामाला ती हो म्हणाली. मान खाली, वहीत काहीतरी रेघोट्या, आणि हो. शाळेत पंधरा वर्षं काढल्यावर असं हो ऐकून माझ्या कानात घंटा वाजायला हवी होती. जो मुलगा प्रत्येक प्रश्नाला हो म्हणतो त्याला काहीही कळलेलं नसतं, नाहीतर सगळं कळलेलं असतं.

मग पत्रिका. आपल्याकडच्या लग्नपत्रिकेच्या खालच्या कोपऱ्यात एक चौकट असते. घरातल्या चिल्ल्यापिल्ल्यांची नावं आणि वर एक ओळ, आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं. नाहीतर मावशीच्या, नाहीतर काकाच्या. त्या चौकटीसाठी पोरं हट्ट धरतात, नाव राहिलं तर रुसतात. मी ठरवलं की आपल्या पत्रिकेत त्या चौकटीत छापायचं, "आमच्या आई-बाबांच्या लग्नाला यायचं हं!" आणि खाली नावं, गार्गी, सोहम. ही कल्पना सुचली तेव्हा मी स्वतःवरच खूश झाले होते. छापखान्याचे मालक राजस्थानकडचे, वयस्कर. त्यांनी चष्मा वर करून मजकूर दोनदा वाचला आणि हिंदी-मराठी मिसळून म्हणाले की मॅडम, इतकी वर्षं हा धंदा करतो, असं कधी छापलेलं नाही, मावशीच्या करून टाकू का? मी सांगितलं, नाही, जसं आहे तसंच. छापून आलेला गठ्ठा मी छातीशी धरून पिंप्राळ्याला आणला. प्रवीणना आवडला. सोहमने आपलं नाव बघून उडी मारली. गार्गीने एक पत्रिका घेतली, शेवटपर्यंत वाचली आणि व्यवस्थित घडी करून परत गठ्ठ्यावर ठेवली.

दुसऱ्या दिवशी ती चोपड्याला निघून गेली. तिच्या आईचे वडील, नाना, तिथे राहतात. तिने प्रवीणना सांगून, शाळेत अर्ज देऊन, बॅग भरून, सरळ नानांना फोन करून बोलावून घेतलं. रडणं नाही, आदळआपट नाही. कधी येशील असं विचारल्यावर ती म्हणाली की तुमचं लग्न झालं की येईन.

मी धुळ्याला होते. प्रवीणचा फोन आला तेव्हा मी नववीच्या वह्या तपासत होते. ते समजावणीच्या सुरात सांगत होते की लहान आहे, चार दिवसांनी निवळेल, तोवर लग्न होऊन जाऊ दे. अक्कांनीही निरोप दिला होता की पोर आपणहून गेली तर बरंच झालं. म्हणजे शेवटी अक्कांच्या मनासारखंच होणार होतं. पोरगी पाहुणी गेली, लग्न तिच्या पाठीमागे. लग्नाला पंधरा दिवस उरले होते. मी प्रवीणना सांगितलं की गार्गी नसेल तर लग्न नाही. आज नाही, महिन्याने नाही, ती येईपर्यंत नाही. त्यांनी विचारलं, आणि आलीच नाही तर? मी फोन ठेवला. त्या माणसाबरोबर मला संसार करायचा होता, मनापासून करायचा होता. मला घर हवं होतं. आणि ते घर आता एका तेरा वर्षांच्या मुलीच्या हातात होतं, आणि ते तिच्या हातात असणं बरोबर होतं, हे मला त्या वह्यांच्या ढिगासमोर बसून कळलं.

चोपड्याला मी एकटी गेले. तापी ओलांडली की हवा बदलते. केळीच्या बागा सुरू होतात, रस्त्याला लागून, ओलसर, हिरव्या, आणि थंडीत तिकडची माणसं कानाला मफलर बांधून सकाळची उन्हं खात बसलेली असतात. मागे सातपुडा, निळा. मला बागांचं कौतुक करायला सवड नव्हती. मी रस्ताभर भाषण तयार करत होते. पहिला मुद्दा, दुसरा मुद्दा. नानांच्या ओट्यावर पोचले आणि सगळे मुद्दे विसरले.

नानांना मी त्याआधी एकदाच भेटले होते. ज्यांची मुलगी गेली त्यांच्या दारात, तिच्या जागी येणारी बाई म्हणून उभं राहणं किती अवघड असतं ते सांगता येत नाही. त्यांनी स्वतः पाणी आणून दिलं. मी म्हटलं की नाना, तुम्ही गार्गीला समजावून सांगाल का, तुमचं ती ऐकते. त्यांनी माझ्याकडे बघितलं. राग नव्हता, पण सूटही नव्हती.

"माले काय इचारस, बेटा?" ते म्हणाले. "तिले इचार."

आणि ते काठी घेऊन बागेकडे निघून गेले. आम्हा दोघींना मोकळं सोडून.

गार्गी ओट्याच्या टोकाला बसून वालाच्या शेंगा निवडत होती. मी शेजारी बसले, थोड्या शेंगा ओढून घेतल्या. तिने ओढू दिल्या. मी म्हटलं की पत्रिकेतली ओळ मी तुला न विचारता छापली, माझी चूक झाली. ती बोलली आणि तिने एकदाही आवाज चढवला नाही.

"मला आई आहे," ती म्हणाली. "गेली म्हणून नाहीशी होत नाही. आणि सोहमला पप्पा आहेत. तो रोज त्यांच्याशी फोनवर बोलतो. तुम्ही त्याच्याही नावाने खोटं छापलं."

मला रडू आलं ते तिच्या आईच्या नावाने नाही, सोहमच्या नावाने आलं. माझ्या मुलाच्या वतीने ही मुलगी माझ्याशी भांडत होती. त्याला ती त्या वेळी जेमतेम दोन महिने ओळखत होती. मी वर्गात घसा फोडून सांगते की स्वतःला सुचलेलं उत्तर लिहा, दुसऱ्याचं उतरवू नका. आणि इथे मी दोन मुलांच्या वतीने उत्तर लिहून, वर त्यांची नावं घालून, गावभर वाटायला निघाले होते. रीत मोडली याचा गर्व होता मला. एक रीत मोडून त्याच जागी मी माझी जबरदस्ती बसवली, हे दिसलं नव्हतं.

मी तिला विचारलं की तुला या लग्नात काय करायचं आहे. काहीच करायचं नसेल तर तसंही सांग, आम्ही थांबू. ती म्हणाली, करवली नको. तुमच्या पाठीमागे उभी राहिले की सगळ्या बायका माझ्याकडे बघून च्‌ च्‌ करतील. मग बऱ्याच शेंगा निवडून झाल्यावर तिने सांगितलं, तिला अंतरपाट धरायचा आहे. एक टोक तिच्या हातात, एक सोहमच्या. मी विचारलं, अंतरपाटच का?

"आम्ही सोडला तरच तुमचं लग्न लागेल," ती म्हणाली.

मी हो म्हटलं. परतीच्या बसमध्ये, तापीचा पूल लागला तेव्हा, मी कशाला हो म्हटलंय ते माझ्या ध्यानात आलं. प्रवीणना सांगितलं तर ते म्हणाले की अगं, भर मांडवात तिने नाही सोडला तर? मी म्हटलं, तर नाही. विचारायचं तर खरं विचारायचं. नुसतं विचारल्यासारखं करायचं असेल तर अक्कांची पद्धत काय वाईट होती.

गार्गी दोन दिवसांनी आली. आल्या आल्या तिने पत्रिकांचा गठ्ठा मागितला, सोहमला फोन करून धुळ्याहून बोलावून घेतलं आणि दोघं शनिवार-रविवार जमिनीवर पालथी पडून एकेक पत्रिका दुरुस्त करत बसली. "आई-बाबांच्या" वर एक सरळ रेघ, वर हिरव्या पेनने "पप्पांच्या आणि मम्मीच्या", आणि आपापल्या नावापुढे कंसात गार्गीने लिहिलं "पप्पांची", सोहमने लिहिलं "मम्मीचा". सोहमचं अक्षर तेव्हा मुंग्यांची रांग चुकल्यासारखं होतं. अक्का बघून हादरल्या. "छापेल पत्रिकावर कोनी पेन फिरावस का?" त्या म्हणाल्या, पण थोड्या वेळाने दोघांसाठी गरम दूध घेऊन आल्या आणि पुसणार नाही ना शाई, म्हणून एका पत्रिकेवर बोट फिरवून बघितलं. अजून पिंप्राळ्यातल्या दोन घरांत ती पत्रिका जपून ठेवलेली मला माहीत आहे.

कधी कधी बायका मला शाळेच्या स्टाफरूममध्ये हळूच विचारतात. त्यांचं किंवा त्यांच्या बहिणीचं ठरत असतं, पोरं असतात, पोरांचं कसं करायचं? मला सल्ला देता येत नाही. पोरांना लग्नात घ्या म्हणून मी सांगू शकते, पण घ्या म्हणजे फोटोत घ्या नव्हे, हे कसं सांगणार? फोटोत पोरं छान दिसतात. आमच्या फोटोंत गार्गी निम्म्या ठिकाणी कपाळाला आठ्या घालून उभी आहे. मला तेच फोटो आवडतात. तिने आठ्या घालायच्या ठिकाणी आठ्या घातल्या. हसू आलं तेव्हाच हसली. आज ती मला आई म्हणत नाही, मावशी म्हणते, आणि लोकांना वाटतं मला वाईट वाटत असेल. माझी छाती फुगते. तिने मला दिलेल्या एकाही शब्दात खोट नाही.

लग्न दुपारचं होतं. धुळ्याहून आबांचा गोतावळा, एरंडोलकडून अक्कांचा. बट्टी, वरण आणि घोटलेली वांग्याची भाजी, मोठ्या कढयांतून, आणि मांडवाच्या मागे बट्ट्या तुपात बुडवणाऱ्या माणसांची धावपळ. नाना चोपड्याहून आले. येताना माझ्यासाठी साडी आणली आणि मांडवात सगळ्यांदेखत माझी ओटी भरली गेली, चोपड्याची लेक म्हणून. मी नानांच्या पाया पडले. कानपिळी खरं तर लग्न लागल्यावर झाली, पण ती इथेच सांगून टाकते. नवरीच्या भावाने नवरदेवाचा कान पिळून दम द्यायचा, आमच्या बहिणीला नीट सांभाळ म्हणून. मला भाऊ नाही. सोहम पुढे झाला आणि त्याने मम्मीला त्रास दिला तर बघा, असं म्हणून प्रवीणचा कान असा काही पिळला की तो संध्याकाळपर्यंत लाल होता. गार्गीने लगेच मध्ये पडून माझ्या पप्पांचा कान आहे तो, हळू, अशी समज दिली. अक्का नंतर येणाऱ्या जाणाऱ्याला सांगत होत्या, "पोरसनीच लाई दिधं बठ्ठं लगीन." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती.

पण त्याआधी अंतरपाट.

गुरुजींना आधीच विचारून ठेवलं होतं. ते म्हणाले होते की पोरांच्या हातात मी आजवर कधी दिला नाही, पण देऊ नये असं वाचलंही नाही. मी आणि प्रवीण समोरासमोर उभे राहिलो. गुरुजींनी शालीवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं आणि शाल पोरांच्या हातात दिली, हात डोक्यावर धरा म्हणाले. आणि पंचाईत झाली. गार्गी अंगापिंडाने वडिलांसारखी, तेव्हाच जवळजवळ माझ्याएवढी. सोहम जेमतेम तिच्या खांद्याला लागेल एवढा. शाल गार्गीकडे वर ओढली गेली, सोहमचं टोक हातातून निसटून खाली आलं आणि सोहमच्या बाजूने मला प्रवीणचं नाक, डोळे, मुंडावळ्या, सगळं दिसायला लागलं. मांडवात खसखस पिकली. कोणीतरी म्हणालं की पोराला पाटावर उभं करा. कोणीतरी स्टूल आणायला पळालं. सोहमचे कान लाल झाले. त्याने हात जमेल तेवढे वर ताणले होते आणि खालचा ओठ दातात धरला होता. मी त्याची आई. आता हा रडणार, हे मला कळलं. गुरुजी थांबले होते.

गार्गीने इकडेतिकडे बघितलं नाही. ती गुडघ्यांत वाकली. खुर्चीवर बसावं तशी, पण खुर्चीशिवाय. शाल सरळ झाली. प्रवीण दिसेनासे झाले. स्टूल घेऊन आलेला माणूस स्टूल हातात धरून तसाच उभा राहिला.

गुरुजींची अष्टकं झाली. मग आमच्याकडच्या एका आत्याला स्वतः रचलेलं मंगलाष्टक म्हणायचं होतं, पाच कडव्यांचं, प्रत्येकाचं नाव गुंफलेलं. मग अक्कांकडच्या एका बाईंना म्हणायचं होतं, त्याहून लांब आणि त्याहून संथ. दर कडव्याला अक्षता पडत होत्या. मला समोर फक्त कुंकवाचं स्वस्तिक दिसत होतं आणि कडेला त्या मुलीची बोटं. तिचे गुडघे थरथरायला लागले, म्हणून शालही थरथरायला लागली. मी मनात म्हणत होते की सोड गं बाई, आणि त्याच वेळी म्हणत होते की धर, अजून थोडं धर. ती सरळ उभी राहिली असती तर कोणी तिला बोललं नसतं. पण मग सोहमचं टोक खाली गेलं असतं. तिच्या वरच्या ओठावर घाम आला होता, मार्गशीर्षात. ती एकदाही सरळ झाली नाही.

शेवटचं सावधान झालं. वाजंत्री सुरू झाली, टाळ्या झाल्या. आणि शाल होती तिथेच राहिली. एक क्षण. मग आणखी एक. मी हार हातात धरून उभी. शालीपलीकडे प्रवीणही तसेच उभे असणार. गार्गीने मान वळवून शालीच्या दुसऱ्या टोकाकडे बघितलं.

"सोडू या का रे?" तिने सोहमला विचारलं.

त्याने तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा तिच्याकडे. आणि मान हलवली. दोघांनी एकदमच सोडला.

समोर प्रवीण होते, हातात हार घेऊन. मला ते दिसलेच नाहीत. मी त्या मुलीकडे बघत होते. ती हळूहळू सरळ झाली, दोन्ही हातांनी गुडघे चोळले, आणि माझी नजर अजून तिच्यावरच आहे हे बघून तिने कपाळाला आठ्या घातल्या.

"माझ्याकडे काय बघतेस, मावशी," ती म्हणाली. "पप्पांकडे बघ."

मग मी बघितलं.